फेडर वर सरकवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

"सहावा चॅनल जरा कमी येतो, त्याचा फेडर वर ठेव." अलोरे-चिपळूण पट्ट्यात नमन किंवा जाखडीला साउंड लावणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते मिक्सरचं शास्त्रच वाटायला लागलंय. फेडरच्या बाजूला पांढरी टेप, टेपवर पेनने फुली, आणि वर्षानुवर्षं तीच फुली. मग एखाद्या सीझनला मंडळातलं कुणीतरी मोबाईलवर नव्या डिजिटल मिक्सरचा फोटो दाखवतं आणि म्हणतं, "हा डबा भंगारात काढूया." एक पक्ष जुगाडाचा, दुसरा खरेदीचा. माझं भांडण दोघांशीही आहे, कारण चॅनल कमी का येतो हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही.

तुम्ही म्हणाल, फेडर वर केला, आवाज आला, मग बिघडलं काय? हिशोब बघा. चॅनल ६ डीबीने कमी येतो म्हणजे त्यातून निम्माच व्होल्टेज पुढे जातोय. बऱ्याच मिक्सरवर शून्याच्या खुणेपासून वर १० डीबीचीच जागा असते. त्यातले ६ तुम्ही आधीच खाल्लेत. गायक लाजून मागे सरकला की उरतात ४. गेन वाढवला तर खरखर वाढते आणि शिट्टी जवळ येते.

खरा प्रश्न पुढेच आहे. हा कमी येणारा चॅनल कुणाच्या वाट्याला येतो? शाहिराच्या नाही. मृदंगाच्याही नाही. तो येतो मागे झील धरणाऱ्यांच्या वाट्याला. चार-पाच सीझन असे गेले की लोक म्हणायला लागतात, "त्यांचा आवाजच लहान." सांध्याच्या गंजाचा दोष माणसाच्या गळ्याला चिकटतो. म्हणून ही गोष्ट मला यंत्रापुरती वाटत नाही.

आता शोधायचं कसं? त्याला इंजिनिअर लागत नाही. खिशातला फोन आणि साधा मल्टीमीटर पुरतो. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घ्या आणि ४०० हर्ट्झचा टोन लावा. १००० नको, कारण स्वस्त मल्टीमीटरची एसी रेंज ५० हर्ट्झच्या आसपाससाठी बनलेली असते आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला आकडे खोटे पडू शकतात. तीच वायर, तोच टोन, फोनचा तोच व्हॉल्यूम. प्रत्येक चॅनलच्या लाइन इनपुटला आळीपाळीने लावा. इक्यू सपाट, पॅन मधोमध, गेन एकाच खुणेवर, फेडर शून्यावर. मास्टर आउटपुटला मीटर लावून प्रत्येक चॅनलचा आकडा वहीत लिहा. एखाद-दुसऱ्या डीबीचा फरक सोडून द्या. नॉबच्या आतले रेझिस्टन्स कारखान्यातूनच तंतोतंत सारखे येत नाहीत. आकडा निम्मा किंवा त्याहून कमी दिसला, तर तो बिघाड.

मग पीएफएलचं बटण दाबा. त्याचा सिग्नल फेडरच्या आधी घेतलेला असतो. तिथे पातळी बाकीच्या चॅनलइतकीच असेल, तर बिघाड फेडर, पॅन किंवा त्यापुढच्या बटणात आहे. तिथेही कमी असेल, तर सॉकेट, गेन, इक्यू किंवा इन्सर्टमध्ये. एका बटणाने अर्धा मिक्सर संशयातून सुटतो. आणि टोनवर सगळे चॅनल सारखेच निघाले, तर मिक्सर सोडा आणि माइक व त्याची वायर तपासा.

सगळ्यात जास्त संशय मी इन्सर्टच्या सॉकेटवर घेतो. ते रिकामं असताना सिग्नल त्याच्या आतल्या पातळ पत्रीच्या स्पर्शातून जातो. आपल्याकडे मिक्सर पावसाळ्यात पेटीत पडून राहतो, दमट हवेत त्या पत्रीवर थर बसतो. रिकामा जॅक आठ-दहा वेळा आत-बाहेर करा आणि पुन्हा मोजा. आकडा वर आला, तर चोर सापडला. मग मिक्सर बंद करून, प्लग काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. गंज सोडवायचं तेल नको. ते चिकट राहतं आणि धूळ धरतं. फेडर आणि नॉबलाही हाच उपाय. फक्त खालचा, ढोलकीचा भाग पातळ येत असेल, तर सुकलेला कपॅसिटर बघा. तिथे सोल्डरिंग येणारा हात लागेल, पण कपॅसिटर महाग नसतो. पॉवर सप्लायला मात्र अंदाजाने हात लावू नका.

कुणी म्हणेल, एवढा वेळ कुणाकडे आहे? आणि डिजिटल वाईट आहे का? मुळीच नाही. हलका आहे, सेटिंग लक्षात ठेवतो. जुन्या मिक्सरचा फेडर आतून झिजला आणि तसाच मिळेना, तर मीही नवा घ्या म्हणेन. पण हे मोजल्यानंतर कळतं, फोटो बघून नाही. दुपारभराची मोजणी टाळून वर्गणीतून हजारो रुपये घालवणं हे आधुनिक होणं नव्हे. शिवाय दमट हवा नव्या डब्यालाही सोडणार नाही, त्यालाही सॉकेट आहेतच.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, म्हणजे कंपन्यांनी माहिती आणि सुटे भाग द्यावेत ही मागणी आता दिल्लीतही पोचली आहे. हक्क मिळेल तेव्हा मिळो. आपल्या मिक्सरचं झाकण उघडायला मात्र आजही कुणी अडवलेलं नाही.

आणि हे अलोऱ्यात सांगावं लागतं याचं मला विशेष वाटतं. पोफळीला वीज करून बाहेर पडलेलं कोयनेचं पाणी कोळकेवाडीला अडवतात आणि अलोऱ्याच्या वीजघरात ८० मेगावॉटच्या ४ जनित्रांवर पुन्हा फिरवतात. वापरलेल्या पाण्यात अजून ३२० मेगावॉट आहेत हे कुणीतरी मोजलं, म्हणून ते मिळाले. नुसतं बघून "झालं, संपलं" म्हटलं असतं, तर ते पाणी तसंच वाशिष्ठीला गेलं असतं.

तेव्हा पुढच्या कार्यक्रमाआधी ती टेप काढा. फुलीच्या जागी आकडा लिहा. आणि झील धरणाऱ्यांना एकदा तरी चांगला चॅनल देऊन बघा, मग त्यांच्या गळ्याबद्दल बोला.