सक्तीचा परवाना: कायद्यात आहे, वापरात नाही

पेटंट हा निसर्गदत्त हक्क नव्हे. समाजाने संशोधकाशी केलेला तो एक सौदा आहे. संशोधकाने आपले ज्ञान उघड करावे, त्याचा लाभ जनतेला मिळावा आणि त्या मोबदल्यात काही वर्षे त्याला उत्पादनाची व विक्रीची मक्तेदारी असावी, असे त्या सौद्याचे स्वरूप. एका पक्षाने आपली बाजू पाळली नाही, तर दुसऱ्यावर बंधन राहत नाही. औषधांच्या बाबतीत ही कसोटी अधिक कठोरपणे लावावी लागते. कापड महागले तर माणूस जुने आणखी वर्षभर वापरतो; कर्करोगाच्या रोग्याला औषधाची खरेदी पुढल्या दिवाळीवर टाकता येत नाही. मागणी जेथे इतकी अगतिक असते, तेथे मक्तेदाराची किंमत उत्पादनखर्चावरून ठरत नाही. ग्राहकाला किती पिळता येईल, यावरून ठरते.

हे सत्य ओळखूनच भारताने १९७० चा पेटंट कायदा केला. न्या. राजगोपाल अय्यंगार समितीच्या १९५९ च्या अहवालाचा त्याला आधार होता. १९७२ मध्ये अमलात आलेल्या या कायद्याने औषधावर नव्हे, ते बनविण्याच्या प्रक्रियेवरच पेटंट दिले आणि त्याची मुदत फार तर सात वर्षे ठेवली. देशी औषध उद्योग उभा राहिला तो या कायद्याच्या आश्रयाने. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून औषधावर वीस वर्षांचे पेटंट मान्य करावे लागले. तरीही संसदेने सर्व शस्त्रे खाली ठेवली नाहीत. डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे कलम ३(ड) आले: जुन्याच रसायनाचे रूप किंचित बदलून, गुणकारकता न वाढविता नवे पेटंट मागता येणार नाही. नोव्हार्टिसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी हे कलम ठामपणे लागू केले. दुसरे शस्त्र कलम ८४ चे. जनतेची वाजवी गरज भागत नसेल, किंमत परवडणारी नसेल किंवा पेटंटचा देशात उपयोग होत नसेल, तर पेटंट मिळाल्यापासून तीन वर्षांनंतर अन्य उत्पादकाला सक्तीचा परवाना देता येतो.

हे दुसरे शस्त्र आजवर एकदाच उपसले गेले. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बायर कंपनीच्या सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला परवाना दिला. बायरची महिन्याची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती. नॅटकोची ८,८८० रुपये ठरली. बायरचे औषध गरजू रोग्यांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोहोचत असल्याचे नियंत्रकांना आढळले होते. बायरची मालमत्ता कोणी लुटली नाही. तिला विक्रीवर सहा टक्के स्वामित्वशुल्क देण्यात आले. अपिलात ते सात टक्के झाले. उच्च न्यायालयाने निर्णय उचलून धरला आणि डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तोल कसा साधावा याचा हा वस्तुपाठ होता. परंतु त्यानंतर असा दुसरा परवाना निघाला नाही. आणीबाणीच्या वा निकडीच्या प्रसंगी सरकारला स्वतः पाऊल उचलू देणारे कलम ९२ तर कधीच वापरले गेले नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेसह जिनिव्हात पेटंटचे नियम शिथिल करण्याची मागणी केली. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमांकडे सरकारचे लक्ष वेधले. तरी करोनाच्या त्या भीषण उन्हाळ्यात देशात एकाही औषधासाठी सक्तीचा परवाना निघाला नाही. जगाला सांगितलेले तत्त्व घरी पाळले गेले नाही.

न वापरलेले शस्त्र गंजते. आता ते हळूहळू बोथटही केले जात आहे. कायद्याला हात न लावता २०२४ मध्ये नियम बदलण्यात आले. पेटंटचा देशात किती उपयोग झाला, याचे दरवर्षी द्यावयाचे विवरण आता तीन वर्षांतून एकदा पुरते. सोराफेनिबच्या निर्णयाला ज्या विवरणांचा आधार मिळाला, तीच ही विवरणे. पेटंट मिळण्यापूर्वी हरकत घेण्यास पूर्वी शुल्क नव्हते, आता आहे. हरकत विचारात घेण्याजोगी आहे की नाही, हेही आधी नियंत्रक ठरविणार. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तर, औषधे उपलब्ध करून देण्याचा श्रेयस्कर मार्ग म्हणजे स्वेच्छेने दिलेले परवाने, असे भारताने मान्य केले आहे. सक्तीच्या परवान्याचा अधिकार अबाधित आहे, असे यावर सांगितले जाते. शब्दशः ते खरेही आहे. परंतु ज्या सरकारने अधिकार असूनही वापरला नाही, तेच आता तो न वापरणे बरे असे लिहून देते, तेव्हा त्याचा अर्थ परकीय कंपन्यांना नेमका कळतो.

या कराराने कापडाला ब्रिटनची बाजारपेठ मिळते, हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. यंत्रमागावरील कामगाराला त्यातून काम मिळाले तर त्याचे स्वागतच होईल. पण मागावरचा कामगार आणि इस्पितळाच्या दारातला रोगी हे दोन वेगळे वर्ग नाहीत. बहुधा ते एकाच घरात राहतात. एका हाताने मजुरी देऊन दुसऱ्या हाताने औषधापोटी ती काढून घेणाऱ्या व्यवहारास तोल म्हणता येत नाही. अशाने संशोधन थांबेल, ही भीतीही फोल आहे. कंपन्यांच्या नफ्याचा मोठा भाग श्रीमंत देशांतून येतो, आणि मूलभूत संशोधनाचा मोठा वाटा सार्वजनिक पैशाने उचललेला असतो. ज्या रोग्याला ते औषध घेणेच शक्य नव्हते, त्याला ते स्वस्तात मिळाल्याने कोणाची विक्री बुडते?

सरकार स्वस्थ बसले असता लढले ते रोगी. क्षयावरील बेडाक्विलिन या औषधाची मक्तेदारी जुलै २०२३ च्या पुढे चार वर्षे लांबविण्यासाठी जॉन्सन अँड जॉन्सनने केलेला अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. हरकत घेणाऱ्यांत क्षयातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रिया होत्या, एक मुंबईची व एक दक्षिण आफ्रिकेची. जुन्या विषारी औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावली होती. अशा माणसांनी हरकत घ्यायची तर आता आधी शुल्क भरायचे!

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. २०२४ चे नियम मागे घ्यावेत. व्यापार करारांतील पेटंटविषयक प्रकरणे सही होण्यापूर्वी संसदेपुढे ठेवावीत. आणि क्षय, कर्करोग व दुर्मिळ आजारांवरील ज्या औषधांची किंमत आवाक्याबाहेर आहे, त्यांच्यासाठी सरकारने आपण होऊन कलम ९२ खाली पाऊल उचलावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. असलेला कायदा वापरण्याची हिंमत लागते.