दौंडचा धडा रांजणगावने घ्यावा

शिरूर तालुक्यातील रांजणगाव एकेकाळी केवळ महागणपतीचे क्षेत्र म्हणून परिचित होते. आज तेथील औद्योगिक वसाहतीत कोरियन, इटालियन आणि चिनी कंपन्यांचे कारखाने उभे आहेत, आणि त्यांच्या दाराशी मराठवाड्याचा तरुण व बिहार-उत्तर प्रदेशचा तरुण एकाच पाळीसाठी रांगेत असतात. दौंड तालुक्यात कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीतही चित्र फारसे निराळे नाही. नाना भाषांची, नाना आहारांची ही माणसे एका छपराखाली नांदवावयाची कशी, हा प्रश्न व्यवस्थापकांना पडत असेल, तर त्यांनी परदेशी ग्रंथ चाळण्यापूर्वी दौंडचे रेल्वे स्थानक पाहावे.

1878 साली मनमाडचा लोहमार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. अनेक प्रांतांची, अनेक धर्मांची कुटुंबे तेथील रेल्वे वसाहतीत शेजारी राहिली. परंतु इंग्रजी अमदानीत रेल्वेतील हुद्दा जन्मावरून ठरत असे. वरच्या जागा युरोपियन व अँग्लो-इंडियनांच्या, आणि कष्टाची कामे हिंदी माणसाची. शेजार होता, समता नव्हती. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या 336व्या कलमाने अँग्लो-इंडियनांच्या राखीव जागा टप्प्याटप्प्याने कमी करून 10 वर्षांत संपविल्या. कोणाला एकाएकी रस्त्यावर न आणता, मुदत घालून भेद मिटविण्याचा तो शहाणा मार्ग होता.

आज जन्माची जागा कंत्राटाने घेतली आहे. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच यंत्रावर राबतात, पण वेतन निराळे. परक्या मुलुखातून आलेल्या मजुराची तक्रार ठेकेदारापलीकडे सहसा जात नाही. तो मुकाट राहतो, म्हणूनच तो सोयीचा ठरतो. ज्यांच्या जमिनीवर वसाहत उभी राहिली, त्यांच्या मुलांचा रोष मग ठेकेदारावर न जाता त्या मजुरावर जातो. दोघांच्या भांडणात लाभ तिसऱ्याचा, हे दोघांच्याही ध्यानी येत नाही.

भाषेचा प्रश्न तर थेट प्राणाशी भिडतो. ऑगस्ट 2019 मध्ये कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्यात आग भडकली, तेव्हा भोवतालच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. अशा ठिकाणी धोक्याची सूचना कामगाराला वाचता येत नसेल, तर ती भिंतीवर असून नसल्यासारखीच.

वर्षातून एकदा सर्व प्रांतांचे पोशाख घालून मेळावा भरविल्याने हे प्रश्न सुटणार नाहीत. सुरक्षेचे शिक्षण कामगाराच्या भाषेत द्यावे आणि त्याला मराठी शिकविण्याची सोयही करावी. तक्रार ऐकणारा अधिकारी ठेकेदाराहून स्वतंत्र असावा. समान कामाला समान वेतन मिळावे. आणि कंत्राटी कामगाराला कायम करण्याची निश्चित मुदत असावी. स्थानिकांना प्राधान्य देण्याची मागणी आम्हांस रास्त वाटते. परंतु परका मजूर स्वस्त असेतोवर ती कागदावरच राहील. त्याला न्याय मिळण्यातच शिरूर-दौंडच्या तरुणाचेही हित आहे.