थोरल्याचा प्रश्न

१४ ऑगस्टच्या संध्याकाळी आमखास मैदानावर देशभक्तीपर गाण्यांचा मोफत कार्यक्रम होता. मगरीबची नमाज आटोपून आम्ही दोघांनी मुलांना रिक्षात घातलं. सोबत चटई, पाणी आणि छत्री. ऑगस्टच्या आभाळाचा काय भरवसा! तिकीट नाही म्हटल्यावर गर्दी होणारच, म्हणून आमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी दोघांच्याही खिशात ठेवली. तुम्हीही ठेवत जा.

‘तराना-ए-हिंदी’ सुरू झाला. सगळं मैदान गात होतं, आमचा थोरला मात्र गप्प. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “अब्बू, वर्गातला एक मुलगा म्हणतो, इक्बाल तर पाकिस्तानचे.”

मग गाणं राहिलं बाजूला. इक्बाल यांनी हे १९०४ मध्ये लिहिलं, हे त्याला सांगितलं. पुढे त्यांचे विचार बदलले आणि १९३० मध्ये अलाहाबादच्या भाषणात त्यांनी वायव्येकडे मुस्लिम राज्याची कल्पना मांडली, हेही लपवलं नाही. उद्या कुणाकडून तरी अर्धवट ऐकण्यापेक्षा घरून पूर्ण ऐकलेलं बरं. त्यांचा इंतकाल १९३८ चा, पाकिस्तान झाला १९४७ मध्ये. आणि २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात आपल्या सैन्याचे बँड हीच धून वाजवत आले आहेत.

“हे त्याला सांगू?”

“सांग. पण भांडू नकोस,” अम्मी म्हणाली.

तोवर रफीसाहेबांचं गाणं लागलं होतं. धाकटी चटईवर झोपून गेली होती. थोरला उभा राहून गात होता, बेसूर, पण मोठ्याने.