जुलैमध्ये मोजलेली मुलं

माझ्या चौथीच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर माझ्या नावापुढे एकच अक्षर होतं: 'गै'. मी कुठे होतो हे गुरुजींना ठाऊक होतं, सरपंचांना ठाऊक होतं, उचल देणाऱ्या मुकादमाला तर होतंच. पाथर्डी तालुक्यातलं आमचं अर्धं गाव ऊसतोडीला गेलं होतं. आई-बाप फडात आणि मी कोपीवर धाकटीला सांभाळत. कारखान्याजवळच्या शाळेत बाप मला घेऊन गेला, तर उत्तर मिळालं, "मार्चमध्ये तुम्ही जाणार. पटावर घेऊन काय करू?"

अशा मुलांना सरकारी भाषेत 'शाळाबाह्य' म्हणतात. जणू पोरगंच उठून बाहेर गेलं!

शाळा जूनमध्ये भरते. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. म्हणजे दुसरं सत्र जवळपास सगळं बुडतं, दरवर्षी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढता येत नाही. काढायची गरजच पडत नाही. नाव पटावर राहतं, पोर फडात.

4 जुलै 2015 ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. जुलैत ऊसतोड मजूर गावात असतो आणि त्याचं पोर वर्गात. हीच मोजणी जानेवारीत, कोप्यांवर जाऊन करा की!

आपला नगर जिल्हा या गोष्टीत दोन्हीकडे आहे. प्रवरानगरला 1950 साली सहकारी कारखाना उभा राहिला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. उत्तरेत कारखाने, आणि दक्षिणेतून, पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून कोयते. शिकलेला जिल्हा आणि बुडालेली शाळा, दोन्ही इथलेच.

"उपाय झालेत की," असं कुणी म्हणेल. झालेत. साखरशाळा आल्या. मी बसलो त्या साखरशाळेत एक पत्र्याची शेड होती, एक शिक्षक होता आणि सगळे वर्ग एकत्र. ती भरेपर्यंत निम्मा हंगाम सरला आणि मग आमची टोळी दुसऱ्या गावात हलली. शिक्षण हमी कार्ड आलं, पण कार्ड काही पाढे शिकवत नाही.

"पालकांनाच पडलेली नाही," हेही ऐकतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल जोडीने घेतलेली असते. आजी नसेल, तर पोर ठेवायचं कुणाकडे?

म्हणून त्यातल्या त्यात खरा पर्याय मला गावातल्या हंगामी वसतिगृहाचा वाटतो. तिथे पोर आपल्याच शाळेत, आपल्याच बाकावर राहतं. पण गाड्या दसऱ्यानंतर भरतात आणि वसतिगृह डिसेंबरात उघडतं, तर तिथे राहायला कोण उरणार? ते गाडी हलायच्या आधी उघडलं पाहिजे.

आणि कारखान्यांनाही हिशेब मागा. गाळप परवाना देताना साखर आयुक्तालय शेतकऱ्यांची थकबाकी बघतं. तसंच विचारावं: तुमच्या टोळ्यांबरोबर किती मुलं आली आणि ती कुठल्या शाळेत बसतात? आकडा नसेल, तर परवाना नको.

तुम्ही नगरहून पुण्याला जाताना उसाचे ट्रॅक्टर ओव्हरटेक करता. त्यातला ऊस काट्यावर किलोपर्यंत मोजला जातो. ट्रॉलीवर बसलेलं पोर कुणी मोजत नाही.