चष्मा आणि चमचा

डोळे अधू झाले की आपण चष्मा घेतो. त्यात कुणाला लाज वाटत नाही. उलट आजोबांचा हरवलेला चष्मा नातवंडे कौतुकाने शोधून देतात. ऐकू कमी आले तर श्रवणयंत्र येते, पाय डळमळू लागले तर काठी येते. हात थरथरू लागला की मात्र साधन येत नाही, माघार येते. प्रथम चारचौघांतला चहा बंद होतो, मग पंगत सुटते, आणि अखेर माणूस आपल्या ताटासह आतल्या खोलीत जातो.

वसईतल्या कोणत्याही लग्नाच्या मांडवात वा धर्मग्रामाच्या सभागृहात नजर टाका. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एखादे वडीलधारे माणूस बसलेले असते. जेवणाचा आग्रह केला तर म्हणते, 'घरून जेवूनच आलो.' ते जेवून आलेले नसते. एका हातात सपाट प्लेट तोलायची आणि दुसऱ्या हाताने उभ्याने खायचे, ही बुफेची कसरत त्याला जमणारी नसते. टेबलावर टेकलेले, उभ्या काठाचे स्टीलचे ताट त्याला पुरले असते. ते आपण जुनाट म्हणून काढून टाकले.

हात थरथरण्याचे कारण नेहमी एकच नसते. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ मध्ये वर्णन केलेल्या कंपवातात हात बहुधा स्वस्थ असताना अधिक थरथरतो. त्याहून अधिक आढळणाऱ्या 'इसेन्शियल ट्रेमर' या विकारात, हात कामाला लागला, घास तोंडाकडे निघाला, की कंप वाढतो. दोहोंत एक गोष्ट समान आहे: मनावर ताण आला, कुणी टक लावून पाहिले, की थरथर वाढते. म्हणजे सांडलेल्या रश्श्याचा काही दोष पाहणाऱ्याच्या पदरीही जातो!

यावर घरोघरी एक उत्तर तयार असते: 'आम्ही भरवतो ना! त्यांना काय कमी आहे?' ज्याला घास उचलणे अशक्य झाले आहे त्याला भरवणे ही सेवाच होय. पण ज्याला योग्य साधन मिळाल्यास स्वतः जेवता येईल, त्याला आपली सोय आणि आपली स्वच्छ चादर सांभाळण्यासाठी भरवणे, ही सेवा नव्हे. ते त्याचे मोठेपण काढून घेणे आहे.

मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझाइनर तरुणीने हे ओळखले. कंपवात झालेल्या तिच्या काकांनी लोकांसमोर चहा-कॉफी पिणे सोडले होते. तिने असा कप घडवला की त्याच्या आतल्या वळणामुळे उसळलेला चहा बाहेर न सांडता पुन्हा आत वळतो. त्यावर रोगाचा शिक्का नाही; कुणाही वेंधळ्या माणसाने वापरावा असा तो दिसतो. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील व्याख्यानात तिने ही हकिकत सांगितली. अमेरिकेत कंप शोषून घेणारा विजेरीवरचा चमचा निघाला, पण सुरुवातीला त्याची किंमत जवळजवळ ३०० डॉलर होती. आपल्याला इतके दूर जाण्याची गरज नाही. जाड दांड्याचा चमचा, उभ्या काठाचे ताट, ताटाखाली ओले फडके, कोपर टेकायला टेबल, झाकणाच्या पेल्यात अर्धाच चहा, एवढ्यानेही पुष्कळ साधते. जड चमचा काहींचा हात स्थिर करतो, तर काहींचा थकवतो. तेव्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारून तो घ्यावा.

शासनालाही हा चमचा दिसलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पार्किन्सनच्या आजाराची नोंद घेतली. २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली, तेव्हा तिच्या यादीत काठी, चाकांची खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळीही होती. घास चावायला दात दिले. घास तोंडापर्यंत नेण्याचे साधन कुणाला सुचले नाही.

शासनाचे शासन पाहील. आपल्या सभागृहांनी निदान चार टेबले, काठाची वीस ताटे आणि जाड दांड्याचे चमचे ठेवावेत. ते 'रुग्णांसाठी' म्हणून वेगळे मांडू नयेत. ज्याला हवे त्याने घ्यावेत. आणि यजमानांनी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीशी जाऊन म्हणावे, 'चला काका, आपण बसून जेवू.' मग त्यांच्या हाताकडे न पाहता, त्यांच्याशी बोलत आपणही जेवावे.