कचरा नगरीचा, लाभ कुणाचा?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या चोपड्यातील गृहिणी रद्दी विकावयास काढते, तेव्हा तिची नजर तराजूच्या काट्यावर खिळलेली असते. किलोमागे रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस होते आणि ते योग्यच आहे. पण त्याच घरातील पुठ्ठा, बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या घंटागाडीत पडल्या की पुढे त्यांचे काय झाले, हे विचारण्याचे कुणालाही सुचत नाही. घरातील काटकसर हा सद्गुण मानणारा समाज नगराच्या काटकसरीविषयी इतका उदासीन कसा?

२०११ च्या जनगणनेनुसार चोपड्याची लोकसंख्या सुमारे ७२ हजार. माणशी रोज अडीचशे ग्रॅम कचरा गृहीत धरला तरी तो १८ टन होतो. त्यातून केवळ एक टन विक्रीयोग्य माल निघाला आणि त्यास किलोला सरासरी आठ रुपये मिळाले असे मानले, तर वर्षाकाठी २९ लाख २० हजार रुपये होतात. हा हिशेब गृहीतकांवर उभा आहे, बाजारभावाने तो वर-खाली होईल. पण तो शून्य खचितच नाही. मग अशी रक्कम नगराच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूस कोठे दिसते?

या प्रश्नाचे उत्तर ठेक्याच्या करारात दडलेले असते. अनेक नगरांत ठेकेदाराचा मोबदला टनावर ठरतो. जितके वजन अधिक, तितके देयक मोठे! अशा ठेकेदाराने कचरा कमी व्हावा, ओला-सुका वेगळा राहावा अशी इच्छा का धरावी? ओल्या कचऱ्याने भिजलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही; वजनकाट्यावर मात्र तो अधिकच भरतो. गटारातील गाळ आणि पाडकामाची मातीही त्याच काट्यावर चढू शकते. येथे दोष केवळ ठेकेदाराच्या लोभाचा नाही. लोभास आमंत्रण देणारा करार लिहिणाऱ्यांचा आणि तो न वाचता हात वर करणाऱ्या लोकप्रतिनिधींचा तो अधिक आहे.

दुसरा दोष जोखमीच्या वाटणीचा. भंगाराचे भाव चढले की नफा ठेकेदाराचा आणि उतरले की दरवाढीचा अर्ज नगरपरिषदेकडे, हा कोणता न्याय? २०१८ मध्ये चीनने परदेशी टाकाऊ कागद व प्लॅस्टिकला दारे बंद केली, तेव्हा भाव कोसळले. ज्या मालातून उत्पन्न येत असे, त्याच मालासाठी अमेरिकेतील अनेक नगरांना पदरचे पैसे मोजावे लागले. करारात भावाच्या चढउताराची तरतूद नसली म्हणजे श्रीमंत नगरेही कशी हतबल होतात, याचा हा धडा आहे.

कुणी म्हणेल, विक्रीतून संकलनाचा खर्च भागत नाही. ते खरेच आहे. स्वच्छता हा व्यापार नव्हे. तिचा भार नगराने उचललाच पाहिजे. परंतु खर्च नगराचा आणि उत्पन्न दुसऱ्याचे, हा त्याचा अर्थ होत नाही.

पर्याय महाराष्ट्रातच आहेत. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि त्यातूनच निर्माण झालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. सेवाशुल्क घरोघरी आणि सुक्या मालाची विक्री वेचणाऱ्याच्या हाती, अशी ही व्यवस्था. जो वर्गीकरण करतो त्यालाच त्याचे मोल मिळते, म्हणून ते मनापासून होते. वेंगुर्ले नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कार्यकाळात घरापासूनच वर्गीकरणाचा आग्रह धरला आणि कचरा डेपोच्या जागी लोक पाहावयास येतील असे स्थळ उभे केले. वेंगुर्ले हे चोपड्याहून लहान नगर आहे, हे विसरू नये.

शासनानेही मार्ग मोकळा केलेला आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व बचत गटांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले होते. नागरी खतासाठी राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही मुद्राही दिली. ज्या तालुक्यात केळीचे मळे आहेत, तेथे सेंद्रिय खतास ग्राहक शोधावा लागेल काय?

आवश्यकता आहे ती करारातील चार कलमांची. मोबदला वजनावर नव्हे, तर वर्गीकरण करून घेतलेल्या घरांच्या संख्येवर द्यावा. विक्रीच्या उत्पन्नात नगरपरिषदेचा वाटा ठरवावा आणि भाव उतरल्यास तोटाही त्याच प्रमाणात वाटून घ्यावा. पहाटे उकिरड्यावर वाकणाऱ्या हातांना मालावर पहिला हक्क असावा. आणि दरमहा किती माल, कोणत्या भावाने विकला, याचा फलक नगरपरिषदेच्या दारी लागावा.

दीर्घ खंडानंतर डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. प्रशासकाकडे बोट दाखविण्याची सोय आता उरलेली नाही. कार्यकर्त्यांनी केवळ हाती झाडू घेऊन थांबू नये. कराराची प्रतही मागावी. आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या ओट्याखाली दोन बादल्या ठेवाव्यात, कारण ज्याने स्वतःच्या घरी कचरा वेगळा केला नाही, त्याला ठेकेदारास जाब विचारण्याचा अधिकार उरत नाही. तराजूवर नजर ठेवणारी ती गृहिणी नगराच्या तराजूपुढे उभी राहील, तेव्हाच चोपडा खऱ्या अर्थाने स्वच्छ होईल.