आडनावातली गिरणी

पुण्या-मुंबईत जर्मन भाषा शिकायची म्हटले की पाय मॅक्सम्युलर भवनाकडे वळतात. जगभर जी संस्था गटे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते, तिला आपल्याकडे एका संस्कृत पंडिताचे नाव मिळाले, याचे आपल्याला कौतुक आहे आणि ते रास्तच आहे. सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढणारा हा माणूस. १८९८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या सुटकेसाठी झालेल्या अर्जावर त्याने सही केली होती, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. संस्कृतात त्याचे ‘मोक्षमूलर’ झाले. ऐकायला भारदस्त वाटते. पण मूळ शब्दाचा मोक्षाशी काडीचा संबंध नाही. म्युलर म्हणजे गिरणीवाला. लोकांचे दळण दळून देणारा.

आणि हे काही दुर्मिळ आडनाव नव्हे. जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव हेच. स्वित्झर्लंडमध्येही हेच. त्याच्या मागोमाग जर्मनीत श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी, वेबर म्हणजे विणकर, मायर म्हणजे जमीनदाराचा कारभारी, वाग्नर म्हणजे गाड्या करणारा, बेकर म्हणजे पाव भाजणारा आणि शुल्त्स म्हणजे जवळजवळ आपला पाटील. पहिली दहाच्या दहा आडनावे कुठल्या ना कुठल्या कामधंद्यावरून किंवा अधिकारावरून आलेली आहेत. जर्मन शहरातल्या दारांवरच्या पाट्या वाचत गेलात तर मध्ययुगातल्या एखाद्या गावाची बाजारपेठ डोळ्यांपुढे उभी राहते.

मला पहिल्यांदा हे कोडे वाटले होते. गावात गिरणी एक, गिरणीवाला एक. मग एवढे म्युलर आले कुठून? उत्तर प्रश्नातच आहे. आडनाव माणूस स्वतः घेत नाही, शेजारी देतात, आणि ते देतात ओळख पटावी म्हणून. गावात हान्स नावाचे पाचजण असले तर ‘गिरणीवाला हान्स’ म्हटल्यावर घोटाळा उरत नाही. ‘शेतकरी हान्स’ म्हणून काय उपयोग? सगळेच शेतकरी. म्हणून ज्या काळात दहातले आठ-नऊ लोक जमीन कसत होते, त्या काळातून आलेल्या यादीत बाउअर, म्हणजे शेतकरी, हे आडनाव म्युलरच्या बरेच खाली आहे. गावागणिक एक म्युलर आणि हजारो गावे, असा तो हिशेब आहे.

इथे आपल्या वाचकांना एक गोष्ट खटकेल. आपल्याकडे सुतार आहेत, लोहार आहेत, कुंभार आहेत. पण बारा बलुतेदारांत पीठ दळणारा कोणीच नाही. कारण उघड आहे. आपले दळण घरात होते. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईला कोणी बलुते दिले नाही आणि तिच्या कामावरून कोणाला आडनावही मिळाले नाही. तिने ओव्या तेवढ्या मागे ठेवल्या. जर्मनीत दळण ओढ्यावरच्या पाणचक्कीवर गेले, आणि ओढ्याच्या पाण्यावर हक्क होता जमीनदाराचा किंवा मठाचा. अनेक प्रदेशांत असा दंडकच होता की अमुक गावच्या कुळांनी अमुकच चक्कीवर दळले पाहिजे. दुसरीकडे स्वस्तात दळून आणले तर दंड. चक्कीवाला मजुरी म्हणून धान्यातलाच ठरलेला हिस्सा काढून घेई. तो हिस्सा त्याच्या मापाने, त्याच्या हाताने, बंद दाराआड निघत असे.

अशा माणसाविषयी गावात काय बोलले जात असेल ते सांगायला नको. तो चोर, तो मापात मारतो, रात्री-बेरात्री त्याची चक्की कोणासाठी फिरते कोण जाणे! चक्की बहुधा गावाबाहेर, पाण्याकाठी. त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टींनाही ती सोयीची. ग्रिम बंधूंच्या कथांत फुशारकी मारून स्वतःच्या मुलीला संकटात लोटणारा बाप गिरणीवालाच असतो. विल्हेल्म बुशच्या ‘मॅक्स आणि मोरिट्झ’मध्ये (१८६५) त्या दोन व्रात्य पोरांना शेवटी गिरणीत भरडले जाते आणि भरड गिरणीवाल्याची बदके खातात. हे पुस्तक जर्मन मुले हसत हसत वाचतात, हे मला आजही थोडे विचित्र वाटते.

पण प्रकरण गोष्टींपुरते नव्हते. बऱ्याच ठिकाणी गिरणीवाल्याचा धंदा ‘मान नसलेला’ समजला जाई. कारागिरांच्या संघात, म्हणजे ‘त्सुन्फ्ट’मध्ये, शिकाऊ म्हणून शिरायचे तर जन्म प्रतिष्ठित घरातला आहे हे दाखवावे लागे, आणि तिथे गिरणीवाल्याच्या मुलाला दार बंद होऊ शके. १५४८ मध्ये साम्राज्याच्या फर्मानाने स्पष्ट सांगितले की तागाचे कापड विणणारे, न्हावी, मेंढपाळ, गिरणीवाले, जकातदार, वाजंत्री यांच्या मुलांना संघांनी अडवू नये. १५७७ मध्ये तेच पुन्हा सांगावे लागले आणि १७३१ मध्ये आणखी एकदा. जो कायदा पुनःपुन्हा करावा लागतो तो पाळला जात नसतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आता वरची यादी पुन्हा पाहा. गिरणीवाला, विणकर, मेंढपाळ: म्युलर, वेबर, शेफर. तिन्ही आज जर्मनीतल्या अगदी वरच्या आडनावांत आहेत.

मग तो डाग गेला कसा? माझ्या मते कायद्याने थोडा गेला आणि नाव धंद्यापासून सुटले म्हणून बराचसा गेला. ऱ्हाइनकाठच्या आणि दक्षिणेतल्या शहरांत बाराव्या शतकापासून आडनावे पिढीजात होऊ लागली. खेड्यांत ती पुढच्या काही शतकांत पोचली. बव्हेरियात १६७७ मध्ये मनाला येईल तसे आडनाव बदलण्यावर बंदी आली. उत्तरेकडच्या पूर्व फ्रीसलँडमध्ये तर १८११ पर्यंत बापाचे नाव हेच आडनाव होते. नेपोलियनच्या हुकुमाने तिथल्या लोकांना कायमचे आडनाव घ्यावे लागले. नाव एकदा वहीत गेले की पोटासाठी माणूस काहीही करो, ते बदलत नाही. मॅक्सम्युलरचे वडील विल्हेल्म म्युलर हे कवी. ‘गिरणीवाल्याची सुंदर मुलगी’ या त्यांच्या कवितामालेला शूबर्टने १८२३ मध्ये चाली लावल्या. स्वतः विल्हेल्म मात्र डेसाऊच्या एका शिंप्याचा मुलगा. म्हणजे म्युलर नावाच्या श्नायडरचा! उलट १७७९ मध्ये ज्याच्या खटल्यात खुद्द फ्रेडरिक राजाने हात घालून न्यायाधीशांना तुरुंगात धाडले, तो खराखुरा गिरणीवाला आडनावाने आर्नोल्ड होता.

शिलरच्या १७८४ च्या नाटकात गावातल्या वादकाचे आडनाव मिलर आहे आणि त्याची मुलगी लुइझ ‘मिलरिन’. आपल्याकडे जोशांची जोशीणबाई आणि पाटलांची पाटलीणबाई होते, तशीच ही जर्मन रीत. पुढे ती कागदोपत्री मोडली.

म्युलरचे मिलर का झाले, त्याचे उत्तर नकाशात आहे. कोन्राड कुन्झे आणि डामारिस न्यूब्लिंग यांच्या देखरेखीखाली २००९ पासून जर्मन आडनावांचा एक बहुखंडी नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यासाठी २००५ सालच्या टेलिफोन जोडण्यांची नावे वापरली आहेत. टेलिफोनच्या यादीतून बोलीभाषांचा इतिहास निघावा, ही कल्पनाच मला फार आवडते. उत्तरेकडे समुद्राच्या बाजूला बोली बदलते आणि म्युलरचा म्योलर होतो. आग्नेयेला बव्हेरियाकडे ओठांचा चंबू सुटतो आणि मिलर होतो. म्युनिकचे प्रचंड ‘डॉइचेस म्युझियम’ उभारणारे ओस्कार फॉन मिलर हे त्यातलेच. त्यांचे वडील काशाच्या मूर्ती ओतणारे. लॅटिन शिकलेल्या एखाद्या पूर्वजाने नाव बदलून मोलिटोर करून घेतले, तेही टिकले. ऑस्ट्रियात मात्र पहिला नंबर ग्रूबरचा, म्हणजे खोलगट जागी राहणाऱ्याचा. डोंगराळ मुलखात घर कुठे आहे यावरूनच माणूस ओळखला जाणार.

कुंभाराची गोष्ट याहून रंगतदार. पूर्वेकडे तो टोप्फर, दक्षिणेत हाफ्नर, वायव्येला पॉटर आणि हेसेन-ऱ्हाइनच्या पट्ट्यात ऑयलर. हा शेवटचा शब्द रोमन लोकांच्या मडक्यापासून, लॅटिन ‘ओला’पासून आलेला. भांडे एकच, चाक एकच, आडनावे चार. आजही आडनावावरून घराणे मूळ कुठल्या दिशेचे, याचा अंदाज बांधता येतो. माणसे निघून गेली तरी नाव बरोबर जाते. २००९ चे साहित्याचे नोबेल मिळालेल्या हेर्टा म्युलर जन्मल्या रुमानियातल्या बनातमध्ये. अठराव्या शतकात तिथे जर्मन शेतकरी नेऊन वसवले होते. अमेरिकेला गेलेले असंख्य म्युलर तिथल्या इंग्रज मिलरांत असे मिसळले की आता वेगळे काढणे कठीण.

फार झालेल्या नावाचे दुखणे वेगळेच असते. मॅक्सम्युलरचे ‘मॅक्स’ हे खरे तर पाळण्यातले नाव, वेबरच्या एका ऑपेराच्या नायकावरून ठेवलेले. नुसत्या म्युलरने ओळख राहीना, म्हणून ते आडनावाला जोडले गेले. चान्सेलर झालेल्या हेर्मान म्युलर यांना म्युलर-फ्रांकेन म्हणत. पंधराव्या शतकातला थोर ज्योतिर्विद योहानेस म्युलर आज जगाला रेजिओमाँटानुस म्हणून माहीत आहे.

म्युलर हे आडनाव आज त्या माणसाविषयी काहीच सांगत नाही, आणि मला त्यात मोठा दिलासा वाटतो. कारण नावाने काहीतरी सांगितलेच पाहिजे असा हट्ट राज्यसत्तेने धरला की काय होते, ते त्याच देशाने पाहिले. नाव ऐकून ज्यू कोण ते कळेना, म्हणून १९३८ मध्ये हिटलरच्या सरकारने हुकूम काढला आणि ज्यांची नावे ‘ज्यू’ वाटत नव्हती अशा ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे नाव जोडायला लावले. आपल्याकडे कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली, देशपांडे आता कुठल्या परगण्याचा हिशेब ठेवत नाहीत, सुतार आडनावाचा मुलगा संगणकावर काम करतो. तरीही रेल्वेच्या डब्यात ओळख झाली की दुसरा प्रश्न ‘आडनाव काय?’ हाच असतो. तो विचारणाऱ्याला धंदा जाणून घ्यायचा नसतो. जर्मन माणूसही आडनाव विचारतो. पण म्युलर हे उत्तर मिळाल्यावर त्याला पुढे ताडायला काही उरत नाही.

आणि गिरण्या? दुसऱ्या महायुद्धानंतर त्या इतक्या जास्त झाल्या की पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये कायदा करून भरपाई देऊन छोट्या गिरण्या बंद करवल्या. उरलेल्यांपैकी काही जुन्या पाणचक्क्या आणि पवनचक्क्या १९९४ पासून दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सोमवारी लोकांना पाहायला उघडतात. लहान मुले पिठाने हात माखून घेतात. मोठ्या कारखान्यांतून दळण चालूच आहे आणि त्याचे रीतसर शिक्षणही मिळते. मात्र २०१७ पासून त्या अभ्यासक्रमाचे अधिकृत नाव बदलून ‘गिरणी व धान्य व्यवहारातील प्रक्रिया-तंत्रज्ञ’ असे लांबलचक झाले आहे. तो पुरा केलेल्याच्या प्रमाणपत्रावर म्युलर हा शब्द आता दिसेल तो त्याचे आडनाव तसे असले तरच.